बाबांच्या निगेटिव्हमधून काय निवडावे आणि कसे राखावे? मार्गदर्शन हवे आहे

सर्व जाणकारांना नमस्कार.

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या घरात माझ्या वडिलांनी सुमारे पस्तीस वर्षांत काढलेल्या छायाचित्रांचा साठा आहे. त्यात अंदाजे ६०० रोल आहेत. बहुतेक ३५ मिलिमीटरचे कृष्णधवल, काही १२० नावाच्या रुंद फिल्मचे चौकोनी आणि थोडे रंगीत. शिवाय त्यांनी स्वतःच्या डार्करूममध्ये काढलेले सव्वातीनशे मोठे प्रिंट आहेत. बाबा आता ८१ वर्षांचे असून काचबिंदूमुळे त्यांना बारीक दिसत नाही, पण कोणत्या रोलवर काय आहे हे त्यांना अजून आठवते. मिरग लागण्यापूर्वी निदान पहिला टप्पा पार पाडावा, अशी माझी इच्छा आहे.

निकड कशी निर्माण झाली ते आधी सांगतो. गेल्या महिन्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा उघडला, तसा खोलीभर आंबूस वास पसरला. बाबा दाराशी आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी तिथूनच विचारले, "स्टॉप बाथ सांडलास काय रे?" डार्करूम बंद होऊन वीस वर्षे झाली आहेत. तो वास ॲसिटेट फिल्म विघटित होताना सुटणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा होता, म्हणजे स्टॉप बाथमध्ये (डार्करूममध्ये डेव्हलपरचे काम थांबवणाऱ्या द्रावणात) असते त्याच आम्लाचा. एका पट्टीच्या कडा आत वळून तिची पन्हळ झाली होती आणि दुसरीवर चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर सुटून बारीक नागमोडी शिरा उठल्या होत्या.

ही झीज एकदा सुरू झाली की सुटलेले आम्लच तिला आणखी वेग देते, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ते कोंडल्यामुळे शेजारच्या चांगल्या पट्ट्याही बिघडू लागतात, एवढे मला वाचनातून समजले आहे. म्हणून त्या पट्ट्या कागदी पाकिटांत घालून बाकीच्यांपासून दूर ठेवल्या आहेत. थंडीत ही झीज मंदावते. त्यासाठी फिल्म दुहेरी झिपच्या पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता ती दिवसभर खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे फिल्मवर दव धरत नाही, हेही ठाऊक आहे. अडचण अशी की पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते. अशा वारंवार गार-कोमट होण्याने लाभापेक्षा हानी अधिक होईल का, हे ज्यांनी कोकणपट्टीतल्या घरात प्रत्यक्ष करून पाहिले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायला मला फार आवडेल.

बुरशीचा प्रश्न तर आपल्याकडे घरोघरी आहे. आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी जिलेटिनवर वाढू लागते, आणि गोव्यात जुलैमध्ये ती ८५ टक्क्यांच्या पुढे सहज जाते. कॅमेऱ्यासाठी मिळते तसे विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी राखणारे कपाट) घेऊन ते ४० टक्क्यांवर ठेवावे, असे मनात आहे. ज्यांना ते परवडत नाही ते हवाबंद प्लॅस्टिकच्या पेटीत सिलिका जेल ठेवतात आणि त्याचा रंग बदलला की भाजून पुन्हा वापरतात. बुरशी लागलेली फिल्म पाण्याने धुऊ नये, कारण बुरशीमुळे जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगे होते आणि चित्रच वाहून जाते, ही एक गोष्ट मी वेळेत वाचली याचे समाधान आहे. दुसरी चूक मात्र माझ्या हातून झाली. दोन वर्षांपूर्वी दुकानातून आणलेल्या मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत मी चाळीस प्रिंट घातले. त्यांतले काही आता पाकिटाच्या प्लॅस्टिकला चिकटले आहेत. ते ओढून न काढता सोडवण्याची सुरक्षित रीत कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावी. यापुढे पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएस्टर किंवा आम्लरहित कागद एवढेच वापरायचे ठरवले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, तो निवडीचा.

बाबांची शिस्त अशी होती की रोल धुऊन वाळला की कॉन्टॅक्ट शीट (साऱ्या रोलच्या फ्रेम मूळ आकारात एकाच कागदावर) काढायची, ती भिंगाखाली पाहायची आणि पसंतीच्या फ्रेमभोवती लाल मेणपेन्सिलीने चौकोन करायचा. ३६ पैकी असे चौकोन एक किंवा दोन असत. पुष्कळ शीटवर एकही नाही. "ज्याला चौकोन नाही ते माझे काम नव्हे," असे ते आजही म्हणतात आणि उरलेल्या निगेटिव्ह टाकून देण्यास सांगतात. एका कलावंताने आपले पूर्ण झालेले काम कोणते हे इतक्या स्पष्टपणे ठरवून ठेवले असताना मुलाने त्यात ढवळाढवळ करावी का, याचे उत्तर मला सापडत नाही.

एक उदाहरण देतो. साळावली धरणासाठी सांगे तालुक्यातले कुर्डी गाव उठले, त्या दिवसांत बाबा तिथे तीन वेळा गेले होते. त्याचे ७ रोल आहेत आणि लाल चौकोन ९. त्या नऊमध्ये महादेवाच्या दगडी देवळावरचा तिरपा उजेड आहे, जे देऊळ पुढे दगड-दगड सुटा करून धरणाजवळ नव्याने उभारण्यात आले. वगळलेल्या फ्रेममध्ये मात्र कौले उतरवलेली छपरे, अंगणात उलथी ठेवलेली तांब्याची भांडी, तुळशीवृंदावनाशेजारी बांधून ठेवलेली गाठोडी असे पुष्कळ काही आहे. फोकस कुठे चुकला आहे, कुठे कोणी मधूनच हलले आहे. मे महिन्यात पाणी उतरले की कुर्डीतली जोती उघडी पडतात आणि तिथले लोक देवळाच्या व कपेलाच्या (लहान चर्चच्या) उत्सवाला परत येतात. त्यांच्यापैकी एखाद्याला स्वतःच्या ओसरीचे हललेले छायाचित्र हवे असेल, तर ते आमच्याकडे असूनही नष्ट करणे माझ्या मनाला पटत नाही.

मी बाबांपुढे असा तोडगा ठेवला की चौकोनातील छायाचित्रे त्यांचा कलासंग्रह म्हणून वेगळी राहतील, आणि उरलेल्यांतून मी निवडलेली छायाचित्रे 'छायाचित्रकाराने न निवडलेली, केवळ नोंदीसाठी' असे स्पष्ट लिहून दुसऱ्या पेटीत जातील. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "ठेव. पण त्यावर माझे नाव नको." ही अट मी पाळणार आहे. तथापि नाव नसलेल्या छायाचित्राची पुढे संग्रहात काय किंमत राहते, आणि नाव सीलबंद टिपणात ठेवून ठराविक वर्षांनी उघड करण्याची पद्धत कुठे आहे का, हे कोणी सांगू शकेल काय?

स्कॅनिंगचा हिशेबही केला आहे. ३५ मिलिमीटरची फ्रेम ४००० डीपीआयवर स्कॅन केली की साधारण ५६०० बाय ३७०० पिक्सेल मिळतात, आणि १६ बिटच्या कृष्णधवल टिफ फाइलला सुमारे ४३ एमबी लागतात. म्हणजे साऱ्या साठ्याला एका टीबीच्या आसपास जागा पुरेल. जागेची अडचण नाही, वेळेची आहे: एका फ्रेमला पाच मिनिटे धरली तरी २१,००० फ्रेमना १,७५० तास लागतील. स्कॅनरमधील इन्फ्रारेड धूळसफाई चांदीयुक्त कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, त्यामुळे धूळ हाताने काढण्याचा वेळ आणखी वेगळा. लाइट टेबलवर मॅक्रो लेन्सने निगेटिव्हचे फोटो घेणे अधिक जलद होते, असे ऐकले आहे. कोणी दोन्ही पद्धती एकाच निगेटिव्हवर वापरल्या असतील तर छायांच्या गडद भागात काय फरक पडला ते कळवावे. एका लॅबला नमुन्यादाखल दहा पट्ट्या दिल्या होत्या, पण तिथून आलेल्या जेपीजी फाइलींत आपोआप इतका ठळकपणा घातला होता की फिल्मचा कण वाळूसारखा दिसत होता.

येथे एक गोष्ट आग्रहाने मांडतो. बाबांचे पूर्ण झालेले काम म्हणजे निगेटिव्ह नव्हे, प्रिंट होय. निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरच्या उजेडात ते तळहाताची सावली हलवत ठेवून चेहरा उजळ राखीत आणि आभाळाला वेगळा जादा उजेड देत. ते सारे निगेटिव्हमध्ये नाही. त्यामुळे सव्वातीनशे प्रिंट मी आधी स्कॅन करणार आहे आणि निगेटिव्हची फाइल त्या प्रिंटशी जुळवून घेणार आहे. प्रिंटच्या मागे क्रमांक व गावाचे नाव मऊ शिसपेन्सिलीने, कडेला लिहीत आहे. बॉलपेनची शाई उतरते आणि दाबाचा वण समोर उमटतो.

फाइलींच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक बहिणीकडे बेळगावला, अशी व्यवस्था करतो आहे. दर वर्षी डिस्क जोडून चेकसम, म्हणजे फाइल बिघडली नाही ना हे दाखवणारा आकडा, ताडून पाहणार आहे. यात काही सुचवायचे असल्यास जरूर सुचवा.

शेवटी, मूळ निगेटिव्ह पुढेमागे पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे किंवा पर्वरीच्या झेवियर सेंटरसारख्या इतिहास-संशोधन संस्थेकडे ठेवाव्यात असे वाटते. ज्यांनी असा खाजगी संग्रह एखाद्या संस्थेला दिला आहे, त्यांनी करारात कोणत्या अटी घातल्या? कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, त्यामुळे ताबा देणे आणि हक्क देणे या दोन बाबी वेगळ्या लिहाव्या लागतील, एवढे मला समजते.

निगेटिव्ह टपालाने पाठवण्याची माझी तयारी नाही. परंतु गोव्यात किंवा सावंतवाडीपर्यंत कोणाकडे मॅक्रो कॉपीची मांडणी तयार असेल, तर कुर्डीचा एक रोल घेऊन मी स्वतः येईन.