मदत हवी आहे : कराचीची बोट आणि कल्याण कॅम्प

नमस्कार मंडळी. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी एक कादंबरिका लिहितेय. नायिका अकरा वर्षांची, सिंधमधल्या जमीनदाराची मुलगी. जानेवारी १९४८ मधल्या कराचीच्या दंगलीनंतर घरचे सगळे बोटीने मुंबईला येतात आणि तिथून कल्याण कॅम्पात. म्हणजे आजचं उल्हासनगर. हे नाव १९४९ साली मिळालं. लष्कराच्या रिकाम्या बराकी, मध्ये गोणपाटाचे पडदे, पलीकडे दुसरं बिऱ्हाड. जिने कधी स्वतःचा पेला उचलला नाही, ती आता नळावर रांगेत उभी.

इथवर जमलंय. अडलेय ते पुढे. मुलीला नुसती 'बिच्चारी' करायची नाहीये. तिच्या वडिलांच्या शेतात राबणाऱ्या हारींना, म्हणजे तिकडच्या कुळांना, स्वतःची जमीन नव्हतीच. हे तिच्या कधी लक्षात यावं? आई घरी पापड लाटून विकायला लागते तेव्हा? की शाळेत कुणी 'निर्वासित' म्हणून चिडवतं तेव्हा? मला पापडाचा प्रसंग बरा वाटतो, पण तिथे लेखिकाच बोलतेय असं होतं. (माझी भाची पहिली वाचक. उपदेश आला की पान उलटते!)

कुणाच्या घरी आजी-आजोबांनी सांगितलेल्या बराकीतल्या आठवणी असतील तर कृपया सांगा. चूल कुठे मांडत, पावसाळ्यात काय व्हायचं, मुलं काय खेळायची? आणि आसपासच्या मराठी वस्तीशी पहिली बोलाचाली कोणत्या भाषेत झाली असेल?