ई. कोलायमधलं प्रोटिओरोडॉप्सिन: पेशींना रंग आलाय, पण दिवा लावल्यावर पीएच नीट घसरत नाही

अणुरेणू (प्रश्न)

एसएआर८६ गटातल्या समुद्री जिवाणूचं हिरवा प्रकाश शोषणारं प्रोटिओरोडॉप्सिन (प्रकाशाच्या जोरावर प्रोटॉन पेशीबाहेर ढकलणारं प्रथिन) ई. कोलायमध्ये बनवतोय. जनुक अरॅबिनोजने चालू होणाऱ्या प्लाझ्मिडवर आहे. ओडी (पेशींची घनता सांगणारा गढूळपणा) ०.५ झाला की ०.२ टक्के अरॅबिनोज आणि १० मायक्रोमोलर ऑल-ट्रान्स रेटिनल (प्रथिनात बसून प्रकाश शोषणारा रेणू) घालून ३७ अंशांवर चार तास अंधारात हलवत ठेवतो. पेलेट (तळाशी बसलेल्या पेशींचा गोळा) नारिंगी दिसतो. तो फॉस्फेट बफरने एकदा धुऊन १०० मिलिमोलर मीठ आणि ५ मिलिमोलर ट्रिस बफरमध्ये १० मिली. घेतो, पीएच ७.५. वरून १५० वॅटचा हॅलोजन सोडतो.

ओडेड बेजा, एडवर्ड डीलाँग आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या कामात प्रकाश पडताच बाहेरच्या द्रावाचा पीएच घसरतो आणि सीसीसीपी (पटलातून प्रोटॉन झिरपू देणारं रसायन) घातलं की ते थांबतं. माझ्याकडे पीएच अंधारातही हळूहळू उतरतो, उजेडात किंचित जास्त, आणि रिकाम्या (हे जनुक नसलेल्या) प्लाझ्मिडच्या पेशीही हुबेहूब तेच करतात. प्रथिन निकामी आहे की मोजणी चुकतेय? दुसरं, आधी हॅलोबॅक्टेरियम या मीठप्रेमी सूक्ष्मजीवाच्या बॅक्टेरिओरोडॉप्सिनवर (असाच प्रोटॉन पंप) हात बसवावा का?

---

जीवपटल

प्रथिनाला दोष देण्याआधी ट्रिस काढा. ट्रिसचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात) ८.१ च्या आसपास. पीएच ७.५ ला ५ मिलिमोलर ट्रिसची बफरक्षमता जवळपास १.८ मिलिमोलर प्रति पीएच एकक निघते. म्हणजे तुमच्या १० मिली.मध्ये पेशींनी १०० नॅनोमोल प्रोटॉन बाहेर टाकले तरी पीएच हलणार ०.००५ ने, आणि तेवढं तर इलेक्ट्रोड स्वतःच सरकतो. फॉस्फेटचंही तेच: एकदा धुतल्यावर पेलेटमध्ये भरपूर उरतं. साध्या १०० मिलिमोलर मिठाने तीनदा धुवा, दर वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये ४,००० जी, दहा मिनिटं, आणि वरचं पाणी अगदी शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घ्या. नंतर बफर अजिबात नको. पीएच हवा तिथे आणायला पातळ सोडियम हायड्रॉक्साइडचे मायक्रोलिटर पुरतात.

प्रत्येक नमुन्यात शेवटी १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे १० मायक्रोलिटर टाका. ते बरोबर १०० नॅनोमोल होतात. त्याने पीएच किती पडला ते बघितलं की तुमची घसरण थेट प्रोटॉनच्या संख्येत मांडता येते. पेशींची घनता बदलली की बफरक्षमता बदलते, म्हणून कालचा आकडा आज वापरू नका.

आता दिवा. हॅलोजन पाणी तापवतो. तापलेल्या पाण्यात इलेक्ट्रोडचा उतार बदलतो, पेशींचं श्वसन वाढतं, आणि पीएच उतरतो. तुमच्या रिकाम्या पेशी हीच गोष्ट सांगताहेत. ५२० नॅनोमीटरचा हिरवा एलईडी घ्या. हॅलोजनच वापरायचा असेल तर मध्ये पाण्याचा जाड थर आणि ५०० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणारा पिवळा फिल्टर हवा. निळा प्रकाश पेशींनाही बाधतो. भांड्याभोवती तापमान धरून ठेवणारं पाणी फिरवा आणि इलेक्ट्रोडच्या दांड्याला फॉइल गुंडाळा, कारण आतलं सिल्व्हर क्लोराइड प्रकाशाला प्रतिसाद देतं.

आलेखाचा आकार बघायला शिका, तो आकड्यापेक्षा जास्त सांगतो. खरं पंपिंग असेल तर दिवा लागताच रेषा तीव्र उताराने खाली येते, मग हळूहळू सपाट होते, कारण आत झिरपणारे आणि बाहेर जाणारे प्रोटॉन बरोबरीत येतात. दिवा बंद केला की रेषा सावकाश परत चढते. उष्णतेची रेषा सुरुवातीला आळशी असते, दिवा चालू असेपर्यंत खाली जातच राहते, आणि १० मायक्रोमोलर सीसीसीपी घातल्यावरही तशीच राहते. अंधारातली सरक एकसारखी सरळ झाल्याशिवाय दिवा लावायचा नाही. उघड्या भांड्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळूनही पीएच उतरतो, त्यामुळे पाणी उकळून गार केलेलं घ्या.

आणि ‘नारिंगी’ या शब्दाने मला शंका येते. प्रथिनात बसलेलं रेटिनल गुलाबी-लाल दिसतं. पिवळट-नारिंगी छटा बरेचदा पटलात नुसत्या अडकलेल्या रेटिनलची असते. रिकाम्या पेशींनाही तेवढंच रेटिनल देऊन दोन्ही पेलेट पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा.

---

अणुरेणू

रिकाम्या पेशींचा पेलेट फिकट पिवळा, आमचा त्याहून थोडा तांबूस. म्हणजे काहीतरी बसलंय. पण किती, हे गढूळ द्रावात कसं मोजायचं? स्पेक्ट्रोफोटोमीटर नुसतं विखुरणं दाखवतो.

---

लवणजीवी

हायड्रॉक्सिलअमाईनने रंग उडवा. पेशी फोडून डोडेसिल माल्टोसाइड या साबणासारख्या द्रव्यामध्ये विरघळवा, पीएच ७ ला आणलेलं ५० मिलिमोलर हायड्रॉक्सिलअमाईन घाला आणि ५०० नॅनोमीटरच्या पुढचा जोरदार प्रकाश सोडा. रेटिनल प्रथिनातल्या लायसीनपासून तुटून ऑक्झाइम बनतं. आधीचा आणि नंतरचा वर्णपट एकमेकांतून वजा केला की विखुरणं दोन्हींत सारखं असल्याने निघून जातं. ५२० च्या आसपास खड्डा आणि ३६० जवळ उंचवटा उरतो. खड्डा नसेल तर तुमच्याकडे रंगद्रव्य नाही, पीएच मोजून उपयोग नाही.

रेटिनलचा साठाही तपासा. इथेनॉलमध्ये १० मिलिमोलर साठा म्हणजे २.८४ मिलिग्रॅम प्रति मिली. हजारपट पातळ केल्यावर ३८० च्या थोडं पुढे शोषण ०.४३ च्या जवळ यायला हवं. खूप कमी आलं तर साठा बिघडलाय. प्रकाशात ते इतर समघटकांत बदलतं आणि हवेने ऑक्सिडाइझ होतं, म्हणून मंद लाल दिव्यात हाताळायचं, आर्गॉन भरून उणे ८० ला ठेवायचं. प्लास्टिकला चिकटतं, काचेची कुपी वापरा. ई. कोलाय स्वतः रेटिनल बनवत नाही, त्यामुळे इथे कसर राहिली तर पुढचं सगळं फुकट.

समजा रंग आहे, ट्रिस गेलं, दिवा बदलला आणि तरी घसरण बारीक आहे. मग श्वसनाकडे बघा. ऑक्सिजन भरपूर असलेली ई. कोलाय पेशी पटलावर प्रोटॉनचा दाब आधीच चढवून बसलेली असते. त्या दाबाविरुद्ध पंपाला फारसं काही ढकलता येत नाही. २००७ मध्ये वॉल्टर, ग्रीनफील्ड, बुस्तामांते आणि लिफार्ट यांनी हे फार सुंदर दाखवलं: अझाइडने श्वसन दाबलेल्या पेशींत हिरवा प्रकाश पडला की कशाभिकांची (पोहण्याच्या शेपट्यांची) मोटर जोरात फिरते, प्रकाश गेला की मंदावते. श्वसन धडधाकट चालू असताना प्रकाशाने फारसा फरक पडत नाही. तुम्हीही सोडियम अझाइड वापरून किंवा नायट्रोजनखाली मोजून बघा. अझाइड आम्लात टाकू नका, विषारी वायू सुटतो. शिसं-तांब्याच्या नळांतून ओतूही नका, तिथे स्फोटक क्षार बनतात.

सुरुवातीचा पीएच ७.५ ठेवलात ते चांगलं केलंत. प्रोटॉन स्वीकारणाऱ्या ९७ व्या अमिनो आम्लाचा, म्हणजे अ‍ॅस्पार्टेट ९७ चा पीकेए साधारण तिथेच आहे आणि ते बाहेरच्या बाजूला उघडं असतं. द्राव ६ च्या खाली गेला की ते आधीच प्रोटॉन धरून बसतं, शोषण ५४५ कडे सरकतं आणि बाहेर पंप करणं मंदावतं. बफर नसलेल्या द्रावात पेशी आपणहून तिथे पोहोचतात, त्यामुळे धुतल्यावर तासभर ठेवू नका.

---

जांभळा थर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, जरूर करा. हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम रेटिनल स्वतः बनवतं, त्यामुळे निम्मी काळजी मिटते. योस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी १९७१ मध्ये याच्याच जांभळ्या पटलात रेटिनल असलेलं प्रथिन दाखवलं. हे काम शिकायला आजही याहून प्रेमळ नमुना नाही.

लिटरभर माध्यमात मीठ २५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २०, सोडियम सायट्रेट ३, पोटॅशियम क्लोराइड २, पेप्टोन १०. पेप्टोनवर लक्ष द्या: काहींत पित्ताम्लं असतात आणि ती या पेशींना फोडतात. नवं पेप्टोन आधी छोट्या नळीत वाढवून बघा. ३७ ते ४० अंश, उजेडात. शेवटच्या टप्प्यात हवा कमी करा, कारण ऑक्सिजन तुटला की जांभळं पटल जास्त बनतं. एस९ वाण घेतलात तर उत्पन्न चांगलं मिळतं.

पेशी गोळा करून थोड्या डीएनएजसह (डीएनए कापणारं विकर) ऊर्ध्वपातित पाण्यात ओता, मीठ जाताच फुटतात. डीएनएज नसेल तर सगळं डिंकासारखं ओढलं जातं. हळू फिरवून न फुटलेल्या पेशी काढा, मग ५०,००० जीला अर्धा-पाऊण तास. वरचं पाणी लाल असतं, तो बॅक्टेरिओरुबेरिन या पेशींतल्याच रंगद्रव्याचा रंग. ते बिनरंगी होईपर्यंत धुणं चालू ठेवा. तळाशी घट्ट काळपट बटण आणि वर सैल जांभळा थर दिसला तर थर अलगद हलवून घ्या, बटण सोडून द्या. शेवटी ३० ते ५० टक्के साखरेच्या उतारावर १,००,००० जीला रात्रभर. जांभळा पट्टा लाल अंशाच्या खाली वेगळा बसतो.

दिव्याखाली ठेवून मग वर्णपट घ्या. अंधारातला कमाल बिंदू ५५८ चा ५६८ होतो. २८० आणि ५६८ च्या शोषणाचं गुणोत्तर २ च्या आत आलं तर माल शुद्ध. शोषणगुणांक ६३,०००, म्हणजे ५६८ ला शोषण १ आलं तर सुमारे ०.४ मिलिग्रॅम प्रति मिली. धुता धुता नमुना निळा पडला तर घाबरू नका: आयन फार निघून गेले किंवा पीएच ३ च्या खाली गेला की असं होतं, शोषण ६०५ कडे जातं. आयन गेल्यामुळे असेल तर काही मिलिमोलर मॅग्नेशियम घातलं की जांभळं परत येतं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ते. पटलाचे हे उघडे तुकडे आहेत, त्यांना आत-बाहेर नसतं, त्यामुळे दोन बाजूंत प्रोटॉनचा फरक साठत नाही. त्यासाठी पुटिका (पटलाचे बंद फुगे) बनवाव्या लागतात, रॅकर आणि स्टोकेनियस यांनी १९७४ मध्ये सोयाबीनच्या फॉस्फोलिपिडांनी केलं तसं. अशा पुटिकांत प्रथिन बहुधा उलटं बसतं. म्हणून प्रकाशात बाहेरचा पीएच चढतो, ई. कोलायसारखा उतरत नाही. तुम्ही दोन्ही करणार असाल तर वहीत दिशा आधीच लिहून ठेवा.

आणि प्रोटिओरोडॉप्सिनसाठी रिकामं प्लाझ्मिड हा एकच कंट्रोल पुरत नाही. त्या पेशी लाल नसतात, म्हणून प्रकाश कमी शोषतात आणि कमी तापतात. अ‍ॅस्पार्टेट ९७ च्या जागी अ‍ॅस्पराजिन घातलेला उत्परिवर्ती सोबत चालवा. तो रेटिनल धरतो, रंगीत असतो, तेवढाच तापतो, पण प्रोटॉन बाहेर टाकत नाही. त्याच्या आणि मूळ प्रथिनाच्या रेषेत जो फरक येईल तो पंपाचा धरा, सीसीसीपीने तो मिटतोय हेही त्याच नमुन्यात दाखवा. आता एक विचारतो: तुमच्या भांड्यात ढवळणी किती वेगाची आहे? ओडी १० च्या पुढे पेशी एकमेकींना झाकतात आणि मागच्यांना प्रकाशच मिळत नाही, तेव्हा ओडी कळवलात तर पुढचं सांगता येईल.