‘टॉप-ड्रेसिंग’ : मुलामा की वरखत?

चर्चाप्रस्ताव

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जे इंग्रजी भाषण केले, त्यातील एका वाक्याच्या मराठी अनुवादाविषयी हा प्रस्ताव आहे. घटनात्मक नीती, म्हणजे संविधानाने घालून दिलेल्या रीतींविषयीचा आदर, ही माणसाची उपजत भावना नव्हे, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, असे सांगून ते पुढे म्हणाले की, मुळातच लोकशाहीला प्रतिकूल असलेल्या भारतीय जमिनीवर लोकशाही ही केवळ ‘टॉप-ड्रेसिंग’ आहे. या शब्दासाठी ‘वरवरचा मुलामा’ असे मराठीत म्हटले जाते आणि मीही आजवर तसेच म्हणत आलो. मूळ परिच्छेद पुन्हा सावकाश वाचल्यावर मात्र हा शब्द चुकीचा आहे, असे माझे मत झाले.

मुलामा पितळेवर सोन्याचा असतो. तो चढवणाऱ्याला खालचा धातू झाकायचा असतो आणि पाहणाऱ्याची फसगत व्हावी, हा त्यातला हेतू असतो. भारतातील लोकशाही म्हणजे अशी फसवणूक आहे, असे बाबासाहेब त्या वाक्यात म्हणत आहेत का? माझ्या मते नाही. त्यांचे शब्द पाहा. आधीच्या वाक्यात ‘कल्टिव्हेट’ आहे, पुढे ‘सॉइल’ आहे आणि या दोहोंच्या मध्ये ‘टॉप-ड्रेसिंग’ आहे. एवढे तीन शब्द ओळीने शेतीतले आल्यावर चौथा अर्थ सराफाच्या दुकानातून आणण्याचे कारण उरत नाही. १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर अर्थशास्त्रीय निबंध लिहिणारा आणि १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडणारा हा माणूस आहे. जमिनीविषयीचे शब्द तो बेसावधपणे वापरील, असे मला वाटत नाही.

‘सॉइल’साठी ‘भारतभूमी’ हा शब्दही मला टाळावासा वाटतो, कारण तो उच्चारताच वाचकाच्या मनात वंदनाचा भाव जागा होतो आणि वाक्यातले निदान बाजूला पडते. येथे जमीन किंवा माती हवी. ‘टॉप-ड्रेसिंग’साठी शेतीच्या व्यवहारात नेमका कोणता शब्द आहे, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

शब्द आहे आणि तो चांगला रुळलेला आहे : वरखत. पेरणीपूर्वी जमिनीत मिसळायचे शेणखत किंवा कंपोस्ट हे भरखत आणि उभ्या पिकाला नंतर वरून द्यायचे ते वरखत. आमच्याकडे ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि कोळपणी उरकली की आजोबा घमेल्यात युरिया घेऊन ओळीने निघत आणि रोपांच्या बुडख्याशी चिमूट चिमूट टाकत जात. जमिनीत ओल नसेल तर ते त्या दिवशी घमेले उचलतच नसत, कारण कोरड्या मातीवर पडलेले खत पिकाच्या मुळांपर्यंत पोहोचत नाही आणि पैसा वाया जातो.

म्हणून ‘वरखत’ म्हटल्याबरोबर अर्थ पालटतो. मुलामा खोटा असतो, तर वरखत खरे असते आणि त्याने पीक वाढते. त्याची उणीव एवढीच की ते जमिनीचा मूळ कस बदलत नाही. जमीन चोपण, म्हणजे सोडियमच्या क्षारांमुळे घट्ट होऊन पाणी न मुरणारी, असेल तर कितीही वरखत दिले तरी पीक पिवळेच राहते. तिथे आधी पाण्याचा निचरा करावा लागतो, जिप्सम घालावे लागते आणि काही हंगाम वाट पाहावी लागते. ‘मुळातच प्रतिकूल’ या शब्दांना आमच्या भागातला शेतकरी ‘चोपण’ म्हणेल.

एक शंका. ‘कल्टिव्हेट’साठी ‘जोपासावी लागते’ यापेक्षा ‘मशागत करावी लागते’ असे का नको?

प्रस्तावकाचे उत्तर

‘वरखत’ या शब्दाबद्दल मी आपला ऋणी आहे. मशागतीबाबत मात्र थोडी अडचण आहे. मराठीत मशागत जमिनीची होते, पिकाची होत नाही. आपण ‘मनाची मशागत’ म्हणतो, तेव्हाही मन ही जमीन असते. मूळ वाक्यात जोपासायची वस्तू नीती आहे, म्हणजे पीक आहे. तेव्हा ‘तिच्यासाठी मशागत करावी लागते’ असे म्हटले तर व्याकरणही सांभाळले जाते आणि शेतीचे रूपकही तुटत नाही.

वरखत हा अर्थ घेतला म्हणजे त्या भाषणातील युक्तिवादही नीट लागतो. मसुद्यात ब्रिटिश काळातील १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील प्रशासनाचे तपशील उचलून घातले आहेत, असा आक्षेप होता आणि त्याला उत्तर देताना हे वाक्य आले आहे. संविधानाचे रूप तसेच ठेवून केवळ प्रशासनाचे रूप बदलले तरी संविधान विपरीत करता येते, म्हणून लोकांत घटनात्मक नीती पुरेशी मुरलेली नसताना हे तपशील विधिमंडळाच्या मर्जीवर सोडू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. लोकशाही नुसता मुलामा असती तर तिच्याभोवती एवढा काटेकोर बांध घालण्याचा खटाटोप त्यांनी कशासाठी केला असता? वरखत वाहून जाऊ नये म्हणूनही बांध घालतात.

‘घटनात्मक नैतिकता’ हा आता रूढ झालेला शब्दही मला थोडा अडतो. मराठीत नैतिकता म्हटले की माणसाचे खासगी चारित्र्य डोळ्यांपुढे येते. बाबासाहेबांनी ही संज्ञा ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोट यांच्याकडून घेतली आणि तिथे तिचा अर्थ वेगळा आहे : संविधानाने घालून दिलेल्या रीतींविषयी परम आदर, त्या रीतींच्या मर्यादेत वागणाऱ्या सत्तेचे आज्ञापालन, त्याच सत्तेवर उघडपणे टीका करण्याची सवय आणि पक्षांची झुंज कितीही कडवट झाली तरी या रीती आपल्या विरोधकालाही आपल्याइतक्याच पवित्र वाटतात, असा प्रत्येक नागरिकाच्या मनातील विश्वास. यातला शेवटचा भाग मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो स्वतःच्या सद्गुणाविषयी नसून प्रतिस्पर्ध्यावरील भरवशाविषयी आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही संज्ञा समलिंगी संबंधांच्या आणि शबरीमलाच्या निकालांत वापरली, तेव्हा तिचा रोख बहुसंख्यांच्या नीतिकल्पनांपेक्षा संविधानातील मूल्ये श्रेष्ठ आहेत, या बाजूला अधिक होता. ‘नीती’ या शब्दात रीत आणि मूल्य हे दोन्ही अर्थ मावतात, म्हणून मी ‘घटनात्मक नीती’ म्हणतो.

जाता जाता त्याच भाषणाच्या अखेरच्या वाक्याविषयी. नव्या संविधानाखाली काही बिघडले तर संविधान वाईट होते, असे म्हणता येणार नाही. माणूसच ‘व्हाइल’ होता, असे म्हणावे लागेल, असे सांगून त्यांनी भाषण संपवले. या विशेषणासाठी कोशात नीच, अधम आणि हीन हे शब्द मिळतात आणि तिन्ही मला लिहवत नाहीत. मराठीने हे शब्द शतकानुशतके जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्यासाठी वापरले आहेत. ‘उच्चनीच’ हा जोडशब्द त्याची साक्ष आहे. ज्यांनी आयुष्यभर त्या पायऱ्यांशी झगडा केला, त्यांच्या तोंडी मनुष्यस्वभावाच्या निंदेसाठी तेच शब्द घालणे मला अन्यायाचे वाटते. ‘नालायक’ म्हटले तर फक्त अकार्यक्षमता उरते. ‘दुष्ट’ चालला असता, पण त्यात दुसऱ्याला पीडा देण्याचा भाव प्रबळ आहे आणि इथे आपमतलबीपणा नि सचोटीचा अभाव हे दोन्ही यायला हवेत. ‘दुर्जन’ हा शब्द मात्र माणसाच्या वागणुकीवरून लागतो, कुळावरून लागत नाही. म्हणून माझ्या अनुवादात ते वाक्य आता असे आहे : ‘माणूसच दुर्जन निघाला, असे म्हणावे लागेल.’