रुंदी नाही, जोडणी बघा

शहरातल्या ट्रॅफिकबद्दल वर कोणीतरी म्हटलंय की शहर लहान आहे, रिंगरोड रुंद केला की गर्दी सुटेल. मला नाही पटत. प्रश्न रुंदीचा कमी आणि रस्ते एकमेकांना किती जोडलेत याचा जास्त आहे. शहराच्या कडेला एकेक लेआउट (प्लॉट पाडून केलेली वसाहत) पडतो, प्रत्येकाला मेनरोडवर एकच तोंड आणि आत सगळ्या बंद गल्ल्या, मग शेजारच्या लेआउटमधे सरळ २०० मीटरवर असलेल्या घरी जायला दीड-दोन किलोमीटरचा फेरा, आणि तोही मेनरोडवरूनच, मग तिथे गर्दी होणार नाही तर काय!

ही जोडणी मोजायला सोपंय. नकाशावर दोन चौकांमधले (किंवा चौक ते बंद टोक) रस्त्यांचे तुकडे मोजा, त्याला चौक अधिक बंद टोकं यांच्या बेरजेने भागा. १.४ च्या आसपास आलं तर ठीक समजतात, पक्क्या चौकटीच्या जाळ्यात ते २ कडे जातं. आणि हो, लोकसंख्या लहान असली म्हणून सुटका नाही, उलट जमीन स्वस्त म्हणून पसरायला मोकळं रान.

अमेरिकेत बंद गल्ल्यांचा हा ट्रेंड १९९४ च्या सुमारास कळसाला पोचून नंतर थोडा उतरला, पण आधी आखलेले रस्ते तसेच राहिलेत. इमारत पाडून परत बांधता येते हो, रस्त्याची आखणी सहसा बदलत नाही. निदान पायी आणि सायकलने जाण्यापुरती तरी वाट कुंपणातून आत्ताच ठेवायला लावा.