अकरावी-बारावीला धर्म, तत्त्वज्ञान, नीती: विषय हवा की नको?

रंकाळाकाठ
पुतणी इंग्लंडात ए लेव्हल करतीय, म्हणजे आपली बारावी. तिचा एक विषय 'रिलिजस स्टडीज'. मला वाटलं, बायबल पाठ करत असेल. तर पेपर तीन: धर्माचं तत्त्वज्ञान, धर्म आणि नीतिशास्त्र, आणि एका धर्मातली विचारपरंपरा. जगात एवढं दुःख असताना देव दयाळूही आणि सर्वशक्तिमानही कसा, यावर निबंध. हो म्हणा, नाही म्हणा, मार्क युक्तिवादाला.

माझी लेक इथं अकरावी आर्ट्सला. तत्त्वज्ञान मागितलं तर कॉलेज म्हणतं, पोरं मिळत नाहीत, शिक्षक नाही. बालभारतीचं पुस्तक मराठीत आहे, ते वाचायला पण तासच नाही. माझं स्पष्ट मत: सायन्स असो, कॉमर्स असो, हा विषय सगळ्यांना सक्तीचा करावा.

तांबडा_पांढरा
नको भावा. घरात देव्हारा, गल्लीत मंडळ, मोबाईलवर दिवसभर धर्मच. आता कॉलेजातबी? घटनेचं कलम 28 वाच. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. आणि शिकवणार कोण? ज्याचा जो झेंडा, तो तेच शिकवणार. पोरं बापडी मार्कांसाठी मान हलवणार.

रंकाळाकाठ
म्हणूनच तर पाहिजे. मोबाईलवर येतं ते तपासायचं कसं, हे कुणीच शिकवत नाही. 1899 ला इथं कोल्हापुरात, पंचगंगेच्या घाटावर, शाहू महाराजांसाठी वेदोक्त (वेदातले) मंत्र म्हणायचे की पुराणोक्त (पुराणातले), म्हणजे त्यांना क्षत्रिय मानायचं की शूद्र, यावरून वाद पेटला. आपल्या पोरांना त्यातलं काय माहीत? दसरा चौकातला पुतळा, आणि जयंती.

पेठेतली_मास्तरीण
एकोणीस वर्षं तर्कशास्त्र शिकवतेय, म्हणून बोलते. तांबडा, कलम 28 धर्माची शिकवण देण्याबद्दल आहे. धर्मांचा अभ्यास वेगळा, हा फरक सर्वोच्च न्यायालयानं 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केलाय. तो मुद्दा सोडा.

पण रंकाळाकाठ, सक्तीला माझा ठाम विरोध. पर्यावरण सक्तीचं केलं, काय झालं? अख्ख्या वर्गाचे प्रकल्प एकाच झेरॉक्सवाल्याकडचे. पंचगंगेच्या प्रदूषणावर चाळीस वह्या, आणि नदीवर गेलं होतं कोण? एकही नाही.

मोजकी पोरं असली की मात्र मजा येते. एकदा तर्कदोष शिकवताना सल्लेखनेचा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याच्या जैन व्रताचा, विषय निघाला. आपल्याकडं जैन घरं भरपूर, एकीच्या पणजीनंच घेतलेली. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना म्हणजे आत्महत्या ठरवली, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. एक मुलगा म्हणाला, जीव देणं ते जीव देणंच. ती म्हणाली, पणजी मरायला बसली नव्हती, सोडायला बसली होती. मग मी 2011 चा अरुणा शानबाग निकाल काढला: आजाऱ्याचे उपचार थांबवणं कधी चालेल? आता तोच मुलगा म्हणाला, ते वेगळं. वेगळं का, ते फळ्यावर मांड म्हटलं. दोन तास गेले. दोन्ही बाजूंची विधानं फळ्यावर आली, तसं आपलं कुठलं विधान गृहीतच धरलंय, हे दोघांनाही दिसलं. मत कुणाचंच बदललं नाही. पण त्या दिवसापासून तिला कुणी 'तुमच्यात असलं असतं होय' म्हणून चिडवलं नाही.

हे साठ-सत्तरच्या वर्गात, बोर्डाच्या नमुना उत्तरासकट, करून दाखवा.

सीईटीचा_बाप
मॅडम, छान वाटतं वाचायला. माझ्या पोराला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि क्लास यातून जेवायला वेळ नाही. नीती आईबापांनी शिकवावी. यूपीएससीला 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 मार्कांचा पेपर आहे, तिथं जाणारे शिकतील की.

पेठेतली_मास्तरीण
त्या पेपरचीही क्लासवाले छापील उत्तरं विकतात, दादा. वयाच्या पंचविशीत नीती पाठ करण्यापेक्षा सतराव्या वर्षी भांडून घेतलेली बरी.

तांबडा_पांढरा
मॅडमचा वर्ग असंल तर माझी हरकत नाही. पण तुम्ही एकच आहात, आणि कॉलेजं जिल्हाभर. उद्या मॅडमच्या जागी आमच्या गल्लीतला तो व्हॉट्सॅपवाला मास्तर आला, तर त्या पणजीचं काय करंल?

बारावी_आर्ट्स_बी
काका, मी अशाच वर्गात बसते. आमचे सर एका धर्माबद्दल बोलताना 'आपण' म्हणतात आणि बाकीच्यांबद्दल 'ते लोक'. माझी मैत्रीण 'ते लोक'मधली आहे. तिनं विषय बदलून भूगोल घेतला.

रंकाळाकाठ
हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ. सक्तीचा शब्द मागं घेतो. पण मग लेकीनं काय करायचं? मॅडम, तुमच्या तासाला बाहेरच्या कॉलेजची मुलगी बसलेली चालते का?

पेठेतली_मास्तरीण
नियमात बसत नाही. शनिवारी तास संपल्यावर आम्ही अर्धा तास भांडत बसतो. तेव्हा दार उघडंच असतं.