केमनसाठी बंद ट्रेलर: लांबी किती असावी आणि दार कोणत्या बाजूला?

होटगी रस्ता, सोलापूर (प्रश्नकर्ता):

नमस्कार. माझ्याकडे पोर्शे ७१८ केमन ही दोन आसनी मोटार आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा ती कोइंबतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या धावपट्टीवर न्यावी, असा माझा बेत आहे. विजयपूर, बेंगळुरूमार्गे हे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास जाते. चालवत न्यावी तर गतिरोधकांवर पोट घासते, आणि गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रात्री धास्ती वाटते. मागच्या खेपेस उघड्या वाहनावरून पाठवली, तर खडी उडून बॉनेटचे तीन टवके निघाले. म्हणून चिंचोली एमआयडीसीतील एका कारखान्यात बंद ट्रेलर बांधून घेण्याचे ठरवले असून नमुना म्हणून त्यांना अमेरिकी कॅटलॉगांमधील आराखडे दिले आहेत.

मोटारीची लांबी ४,३७९ मिमी, रुंदी आरशांशिवाय १,८०१ मिमी व आरशांसह १,९९४ मिमी, आणि वजन सुमारे १,३६५ किलो आहे. ट्रेलर २० फुटी घ्यावा की २४ फुटी, सांगाडा लोखंडाचा असावा की अॅल्युमिनियमचा, आणि ओढण्यासाठी घरची फॉर्च्युनर पुरेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त यंत्र अभियंता, मोहोळ:

आपण लांबीबद्दल विचारले आहे, पण घोटाळा रुंदीत होतो. आपल्याकडे वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि साडेआठ फुटी ट्रेलर त्यात जेमतेम बसतो. आत मात्र चाकांवरच्या पेट्या फळीच्या, म्हणजे ट्रेलरच्या तळाच्या, वर येत असल्यामुळे त्यांच्यामधली मोकळी जागा सुमारे २,०८० मिमीच उरते. आपली मोटार त्यातून जाईल. दोन्ही बाजूंना १४ सेंटीमीटर राहतील. पण मोटार आत घातल्यावर आपण बाहेर कसे येणार? यासाठी ट्रेलरच्या भिंतीला चालकाच्या दारासमोर एक मोठे दार ठेवतात आणि त्या बाजूची पेटी काढता येईल अशी बसवतात. अमेरिकी आराखड्यात हे दार डावीकडे असते, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. आपल्या कारखानदाराने आराखडा आहे तसा उतरवला, तर ते दार आपल्या काहीही उपयोगाचे राहणार नाही.

मात्र पत्रा कापण्यापूर्वी मोटार तोंडाने आत जाणार की उलटी, हे ठरवावे लागेल, कारण उलटी घातली की चालकाची बाजू पुन्हा डावीकडे येते. हा निर्णय वजनाच्या तोलावर अवलंबून आहे. बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही: ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलते, फार पुढे आले की ती धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार कपलिंगवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जोडतो त्या सांध्यावर, यायला हवा. त्याहून कमी आला, तर वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा हेलकावू लागतो, आणि एकदा हेलकावू लागलेला ट्रेलर सावरणे फार थोड्यांना जमते.

केमनचे इंजिन आसनांच्या मागे असल्यामुळे तिचा मागचा भाग जड आहे. तरीही ६.१ मीटरच्या, म्हणजे २० फुटी फळीवर तिला मागे-पुढे सरकवायला दीड मीटरहून अधिक जागा मिळते. कपलिंगपासून आसांच्या मध्यापर्यंतचे अंतर साडेचार मीटर धरले, तर मोटार १० सेंटीमीटर पुढे घेतल्यावर कपलिंगवरचा भार सुमारे ३० किलोंनी वाढतो. त्यामुळे उलटी घालण्याची गरज नाही. मोटार तोंडाने आत न्यावी आणि दार उजवीकडे ठेवावे. २४ फुटी ट्रेलरचा मोह टाळावा. ती जास्तीची जागा रिकामी राहत नाही. तिथे टायर, जॅक, हत्यारांची पेटी असे काहीबाही साठत जाते आणि ते बहुधा मागच्या टोकालाच पडते.

तोल तपासणे आपल्या जिल्ह्यात तरी अवघड नाही, वजनकाटे पावलोपावली आहेत. मोटार चढवलेला ट्रेलर आधी जोडलेल्या स्थितीत फक्त त्याची चाके काट्यावर ठेवून तोलावा, मग सोडवून पुढच्या टेकूसह संपूर्ण तोलावा. दोन्ही आकड्यांतील फरक म्हणजे कपलिंगवरचा भार.

वाहतूक व्यावसायिक, अक्कलकोट रस्ता:

वरील माहितीत वजनाची बाजू जोडतो. २० फुटी लोखंडी बंद ट्रेलर रिकामाच सुमारे दीड टनाचा होतो. त्यात मोटार आणि सामान मिळवले की आकडा तीन टनांवर जातो. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या फॉर्च्युनरची ओढक्षमता, तीही ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असताना, ३,१०० किलो आहे. आपल्याला मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेत छापलेला आकडाच प्रमाण मानावा लागेल. अॅल्युमिनियमच्या सांगाड्यात तीन-चारशे किलो वाचतात. माझ्या मते इथे पैसा वाचवू नये, आणि दुहेरी आसांपैकी दोन्हींना ब्रेक असल्याशिवाय ट्रेलर ताब्यात घेऊ नये.

दुसरे असे की, मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे; त्याची नोंदणी वेगळी, विमाही वेगळा. कारखानदार वेल्डिंगमध्ये कितीही वाकबगार असला, तरी मंजूर आराखडा नसलेल्या ट्रेलरला एमएच-१३ चा क्रमांक मिळवताना आपली दमछाक होईल. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हा कागद पाहायला मागा. आणि स्पष्टच सांगायचे तर, वर्षाला तीन-चार खेपांसाठी बंद कंटेनरचे वाहन भाड्याने घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

स्पर्धांना जाणारा एक वाचक, पुणे:

उताराच्या फळीकडे दुर्लक्ष करू नका. ट्रेलरची फळी जमिनीपासून ५५ सेंटीमीटर उंच आणि उतार १.८ मीटरचा असेल, तर चढ सुमारे १८ अंशांचा होतो आणि केमनचा पुढचा ओठ, म्हणजे बंपरची खालची कड, तिथेच घासतो. सव्वा मीटरची जोडफळी लावली की तोच चढ साडेदहा अंशांच्या आत येतो. मोटार बांधताना पट्टे तिच्या सांगाड्याला नव्हे, चारही टायरांवरून घाला, म्हणजे स्प्रिंगांना हालचाल करायला मोकळीक राहते. आणि पहिल्या २०-२५ किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणा.

होटगी रस्ता, सोलापूर (प्रश्नकर्ता):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल अंगणात खडूने २,०८० मिमी रुंदीच्या दोन रेघा आखल्या, उजव्या रेघेवर पेटीच्या उंचीइतक्या विटा रचल्या आणि मोटार मधोमध उभी केली. दार विटांच्या वरून थोडेसे उघडले, पण त्या फटीतून माझा खांदादेखील बाहेर निघेना. कारखानदाराला आराखडा फिरवून उजवीकडे दार आणि निघणारी पेटी दाखवायला सांगितले आहे. मंजुरीचा कागद मागितल्यावर त्यांनी चार दिवसांची मुदत घेतली आहे. तोवर आगाऊ रक्कम माझ्याकडेच आहे. येत्या खेपेपुरता कंटेनर भाड्याने ठरवतो आहे. त्याच्या उताराची लांबी मात्र आधी विचारून घेईन.