पिण्याचं पाणी घरात कुठे ठेवता? वास्तू, सोय आणि तुमचे अनुभव

पुणे

वास्तूचा नियम बहुतेकांना पाठ असतो. पाणी ईशान्येला, नाहीतर उत्तरेला किंवा पूर्वेला, चूल आग्नेयेला, आणि पाणी व अग्नी शेजारी नकोत. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत जवळपास हेच लिहिलंय: ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर. पाणी उत्तरेला असेल तर धन वाढतं, ईशान्येला असेल तर संतती, आग्नेयेला असेल तर आगीचं भय. पूर्वेचं पाणी मात्र त्याने अशुभ सांगितलंय, आणि आजचे वास्तुतज्ज्ञ पूर्व खुशाल चालवून घेतात. म्हणजे नियमही काळाबरोबर हललेले आहेत.

मुळात हे सगळं विहीर आणि मोठं घर डोळ्यांसमोर ठेवून सांगितलेलं. आपल्या फ्लॅटमध्ये ओटा कुठे आणि नळ कुठे हे आपण राहायला जाण्याआधीच ठरलेलं असतं. माझा वास्तूवर विश्वास आहे, पण भिंती फोडण्याइतका नाही. सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्यापासून माठावरून रोज बोलणं होतं, म्हणून विचारते. तुमचं पाणी कुठे असतं, ती जागा कोणी ठरवली, बदलली असेल तर खरोखर काय फरक पडला? जे घडलं तेच लिहा. उपाय आणि यंत्रं विकणाऱ्यांनी कृपया इथे येऊ नये.

नागपूर

आमच्याकडे माठाची जागा ऋतूप्रमाणे बदलते. स्वयंपाकघर वायव्येला आहे. वास्तू बघायला आलेल्या गुरुजींनी माठ ईशान्येच्या खोलीत, देवघराजवळ ठेवायला सांगितला आणि सासऱ्यांनी त्याच दिवशी हलवला. स्वयंपाक करता करता पाण्यासाठी घरभर चालायचं म्हणून माझा विरोध होता. पण पाणी खरंच गार लागायला लागलं, आणि त्याचं कारण मला पटलं. मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला मावळत नाही, बराच उत्तरेकडे सरकून मावळतो. इथे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा वायव्येची भिंत संध्याकाळी हात लावू देत नाही. माठ आधी त्याच भिंतीला टेकलेला होता. ईशान्येच्या खोलीवर दुपारनंतर ऊनच येत नाही.

एक गोष्ट मात्र गुरुजींच्या बोलण्यात आली नव्हती. त्याच खोलीत आमचा कूलर. दुपारभर कूलर चालला की हवा ओली होते. माठ पाझरतो, पण बाहेर आलेलं पाणी उडून जात नाही, आणि उडालं नाही तर आतलं पाणी गार होत नाही. म्हणून आता दुपारी माठ उत्तरेच्या दारात, सावलीत, वाऱ्याच्या तोंडी, लाकडी घडवंचीवर असतो. भोवती ओलं पोतं. दार उत्तरेचं असल्यामुळे सासऱ्यांचंही समाधान आहे. नवीन माठ आणलात तर आधी भरपूर भिजवून घ्या, आणि साबण कधीच लावू नका. मातीची छिद्रं बुजली की तो माठ काही कामाचा राहत नाही.

वरळी, मुंबई

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत दिशा बघायला वाव नव्हता. वापराचं पाणी मोरीशेजारच्या पिंपात, पिण्याचं ओट्याच्या टोकाला स्टीलच्या टाकीत. आईचे दोन नियम होते. पिण्याच्या पाण्यात वापराचं भांडं बुडवायचं नाही, आणि पाणी काढायचं ते ओगराळ्यानेच. गावाहून येणारे मामा 'अग्नी आणि जल शेजारी नको' म्हणायचे, तेव्हा आईने शेगडी आणि टाकीच्या मध्ये डाळ-तांदळाचे डबे रचले. त्यामुळे टाकीवर फोडणीचं तेल उडायचं थांबलं, हे मीही पाहिलंय.

२०२५ मध्ये नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांचं घर मिळालं. आईने मोबाइलवर होकायंत्र उघडून ईशान्य शोधली, तिथे झोपायच्या खोलीची खिडकी निघाली. आता तिथे छोट्या स्टुलावर तांब्याचा कलश असतो, झाकण घातलेला. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याची जागा तिला स्वतःला निवडता आली. ती खूश आहे, आणि मी वाद घालत नाही.

लातूर

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. तेव्हा घरात पलंगाखाली घागरी, जिन्यात घागरी, देवघरापुढे घागरी. नैऋत्येला पाणी ठेवू नये हे आजीला पक्कं ठाऊक होतं. तरी पिण्याचं पिंप तिने नैऋत्येच्याच खोलीत ठेवलं, कारण कुलूप लागणारी आतली खोली तेवढी एकच होती. आता सगळं जागच्या जागी गेलंय, पण कळशीला चुकून पाय लागला की आम्ही अजूनही वाकून नमस्कार करतो.

रत्नागिरीजवळचं गाव

माझा पूर्ण विश्वास आहे. विहीर घराच्या ईशान्येला आहे. आजोबांनी पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणाऱ्याला, बोलावून जागा काढली, तीही तिथेच निघाली. पंप बसला, नळ आला, तरी पिण्याची कळशी आम्ही रोज पहाटे हाताने शेंदतो. घरात मूल जन्मलं की विहिरीची पूजा होते. पावसाळ्यात पाणी गढूळतं तेव्हा तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं, गाळायचं, उकळायचं, आणि ते पाणी स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या कोनाड्यात ठेवायचं. याने घरात बरकत आली का, हे मला मोजून सांगता येणार नाही. सकाळी पहिलं काम पाण्याचं झालं की दिवस नीट जातो, हा माझा अनुभव.

ठाणे

स्थापत्य अभियंता म्हणून लिहितो. जमिनीखालची टाकी ईशान्येला आणि गच्चीवरची नैऋत्येला, अशी मागणी माझ्याकडे सतत येते. गच्चीवरच्या टाकीत १००० लिटर म्हणजे एक टन पाणी, टाकीचं वजन वेगळं. ती खांबांवर आलीच पाहिजे. नैऋत्येला खांब योग्य जागी असतील तर मी आनंदाने तिथे देतो.

ईशान्येचं प्रकरण जास्त नाजूक. जमिनीचा उतारही ईशान्येकडे असावा असं वास्तू सांगते. त्या काळच्या घरात हे जमून येत असणार, कारण उताराच्या खालच्या बाजूला पाणी मुरतं आणि विहिरीला लागतं. पण आज सांडपाण्याची वाहिनीही उताराकडेच काढावी लागते. पिण्याची टाकी आणि मैल्याचं चेंबर एकाच कोपऱ्यात आलं तर मी स्पष्ट नकार देतो, मालक कितीही नाराज झाला तरी. टाकीचं तोंड जमिनीपासून उंच हवं, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात अंगणातलं पाणी आत जातं.

छत्रपती संभाजीनगर

आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) ९०० च्या आसपास. भारतीय मानकात ५०० पर्यंत योग्य धरतात, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणून आरओ लावलाच. एका वास्तुसल्लागाराने तो गॅसजवळून काढून ईशान्येच्या कोपऱ्यात लावायला सांगितला. तिथे ना नळ ना निचरा. कपाटामागून लांब नळी फिरवली, ती सांध्यात गळत राहिली, आणि प्लायवूड फुगल्यावर आम्हाला कळलं. पुन्हा सिंकवर आणला, खर्च दोन्ही वेळचा आमचाच. आता आरओ सिंकपाशी आणि भरलेला हंडा ईशान्येला, असं केलंय. वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला वापरतो.

मेलबर्न

इथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. उत्तरेच्या खोल्या उबदार, दक्षिणेच्या गार. नळाचं पाणी थेट पितो, तरी आईने भारतातून येताना तांब्याचा कलश आणला आणि प्रश्न उभा राहिला: ईशान्य तिकडची धरायची की इथली? आईचं म्हणणं, सूर्य उगवतो पूर्वेलाच, मग ईशान्य तीच. बाबा म्हणतात, गारव्यासाठी सांगितलं असेल तर इथे दक्षिणेकडे ठेवावा. कलश आईच्या जागी आहे. उन्हाळ्यात तिथे सकाळचं ऊन येतं, म्हणून ती न्याहारीच्या आत पाणी संपवते.

रायगड

मी आरोग्यसेविका आहे. घरात शिरले की आधी पाण्याची भांडी बघते, टॉर्च मारून. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. नागपूरच्या ताई, कूलरची टाकीही यात धरा.

काही घरांत ईशान्येचा कलश पवित्र म्हणून हलवतच नाहीत. मी रागावत नाही. पवित्र आहे म्हणूनच पाणी ताजं हवं, असं म्हणते. बहुतेक बाया ऐकतात. जागा कुठलीही निवडा, पण लहान मुलाचा हात आत बुडणार नाही इतक्या उंचीवर, झाकण घट्ट, आणि तुम्हाला भांडं एकटीने उचलून धुता येईल अशी. काही घरांत पिंप इतकं अडचणीत ठेवलेलं असतं की ते महिनोन्‌महिने कोणी रिकामं करत नाही. मला सगळ्यात जास्त अळ्या तिथेच सापडतात.

पुणे

सासूबाई विचारतायत, देवघरातल्या कलशाचं पाणी रोज बदलायचं की आठवड्याने?

रायगड

रोज. काढलेलं तुळशीला घाला, पण कुंडीखालच्या ताटलीत साचू देऊ नका.